पाव इंच वात

४ नोव्हेंबर

पोचले एकदाची कोल्हापुरात! चंदगडच्या एसटीनं हाडं खिळखिळी केली, शेजारच्या बाईंनी गडहिंग्लजपासून माझ्या खांद्यावर झोप काढली, आणि स्टँडवर रिक्षावाल्यानं 'पावणं, कुटं जायाचं?' असं काही दरडावून विचारलं की माझीच काहीतरी चूक झाली असं वाटलं. मंगळवार पेठ म्हटल्यावर मात्र तो घरच्यासारखा गप्पा मारत आला.

घर दुमजली, स्लॅबचं, गुलाबी रंगाचं. खाली अंगणाला लागून मेणबत्त्यांचं काम चालतं, वर मला खोली. खिडकी उघडली की अंगणातलं सगळं दिसतं. मालकीणबाईंना सगळी गल्ली आक्का म्हणते, मीही तेच म्हणायचं ठरलं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज असा की चौकातल्या माणसाला बोलवायला फोन लागू नये. आल्या आल्या माझ्यापुढं पोह्यांची बशी ठेवली आणि संपेपर्यंत उठू दिलं नाही. मेण ओतायला मदिनाभाभी आहेत. त्यांचे मालक करीमभाई मागच्या गल्लीत मोटरसायकली दुरुस्त करतात. भाभीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, थेट आमच्या तेजूसारखं. ऐकून बरं वाटलं.

बी.एस्सी. केमिस्ट्री होऊन मेणबत्त्या करायला चालली म्हणून गावात चार लोक हसले. हसोत बापडे. मी आलेय तेजूसाठी. तेजू म्हणजे तेजस्वी, माझी धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची. पोलीस भरती हे तिचं एकमेव वेड. आठशे मीटर तीन मिनिटांच्या आत मारते, तेही आमच्या चढउताराच्या रस्त्यावर, आणि परत आल्यावर दम खायच्या ऐवजी बडबड करते. तिला सरावाला नीट मैदान हवं. आक्कांनी फोनवरच कबूल केलंय, जानेवारीपासून तिनं खुशाल माझ्या खोलीत राहावं. ही वही तिनंच दिली. रोज लिही म्हणाली, म्हणजे फोनवर एकच गोष्ट दोनदा ऐकावी लागणार नाही.

८ नोव्हेंबर

काम वाटलं तेवढं पोरखेळ नाही. मेण, सुगंध, काचेचा ग्लास हे सगळं सोपं. खरी गोम वातीत आहे. वात जाड झाली तर ज्योत उंच जाते, फडफडते आणि काच काळी करते. बारीक झाली तर मध्येच खड्डा पडतो आणि कडेचं मेण तसंच राहतं. म्हणून नवी वात आली की चाचणी घ्यायची: एक मेणबत्ती चार तास जाळायची, दर अर्ध्या तासानं ज्योतीची उंची, मेणाचं तळं किती पसरलं, काजळी किती धरली, सगळं नोंदवायचं. चार तासांनी विझवायची, गार झाली की वातीच्या टोकाचं काळं बोंड कातरायचं, पाव इंच वात ठेवायची आणि पुन्हा लावायची. पाव इंच म्हणजे पाव इंच. त्याहून लांब ठेवली की धूर. त्याहून आखूड केली की वात वितळलेल्या मेणात बुडते, ज्योत निळी पडते आणि गुदमरून विझते. मग वरचं मेण ओतून टाकायचं आणि परत लावायची.

चाचणीचं टेबल अंगणात, शेडच्या कडेला, वरून दिसेल असं. कातर माझी, पट्टी माझी, नोंदवही माझी. मी खूश आहे. भाभी म्हणतात की ही पोरगी मेणबत्तीची नाडी बघते.

खोक्यावर बारीक अक्षरात छापलंय, प्रत्येक वेळी लावण्यापूर्वी वात कातरून पाव इंच ठेवा. मी आक्कांना विचारलं की गिऱ्हाइकं कातरतात का. त्या पोट धरून हसल्या.

१४ नोव्हेंबर

बाजारातल्या पाच प्रकारच्या वाती तपासल्या. पाचही कमीजास्त काजळी धरतात. आक्कांच्या स्वतःच्या वाती मात्र, ज्या त्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात, त्यांना तोड नाही. ज्योतीवर पांढरा कागद धरला. साधा डागसुद्धा नाही. मी दोनदा, तीनदा धरला. पाव इंचाची अर्धा इंच केली तरी कागद कोरा.

आज त्या वातीचं गुपित कळलं. शाहूवाडीकडून तानाबाई म्हणून एक बाई येते, केसावर भांडी देणारी. गावोगाव बायका विंचरलेले केस, गुंतावळ, भिंतीच्या फटीत कोंबून साठवतात आणि ती वाटी-चमचा देऊन ते घेऊन जाते, तीच ही. आमच्याकडेही अशी येते. तानाबाई ते केस गंगावनं-टोप करणाऱ्यांना न विकता इथं आणून देते. आक्का ते धुऊन सुतात पिळतात आणि वात करतात. केसानं वात ताठ उभी राहते म्हणे.

केस जळले की घाण वास येतो. ह्यांना येत नाही. आणि मेण जळलं की थोडी तरी काजळी व्हायलाच हवी, हे मी तीन वर्षं शिकले. मग ती जाते कुठं? मी हे मोठ्यानं विचारलं तर भाभी म्हणाल्या, मोठ्या घरची मेणबत्ती हाय, तिची घाण दुसरं कुणीतरी उचलत असंल. आम्ही दोघी खूप हसलो.

२१ नोव्हेंबर

तानाबाई हात हलवत आली. वरच्या वाड्यांतल्या बायका आता केस देत नाहीत म्हणाली. का, ते आक्कांनी विचारलं नाही. तिला चहा दिला आणि वाटेला लावलं.

ऐन मोक्यावर ही पंचाईत. अमरसिंह म्हणून कुणी बडी असामी आहे, त्यांच्या मुलीचं लग्न. पाच डिसेंबरला साखरपुडा आणि नऊला रिसेप्शन, दोन्हींना दीडदीडशे मेणबत्त्या, टेबलावर, आणि पांढऱ्या कापडावर काजळीचा कण पडता कामा नये अशी अट. आक्कांनी मला विचारलं, तुमच्यात बायका केस साठवतात का ग? मी म्हटलं, साठवतात म्हणजे काय! आमची आई कौलाखाली कोंबून ठेवते. आणि आमच्या तेजूची वेणी कमरेखाली, रोज मूठभर तरी निघतात.

आक्कांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

२५ नोव्हेंबर

दोन दिवस घरी जाऊन आले. पिशवी भरून केस आणले, आईला बदल्यात झाकणाचा मोठा स्टीलचा डबा नेऊन दिला. ती हरखली. तेजू रुसली, केस माझे आणि डबा तुला का म्हणून. तिला मी जानेवारीचं मैदान दाखवलं, म्हणजे मोबाइलवर फोटो. मग रुसवा गेला. पहाटे तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेले, हातात घड्याळ धरलं. दोन मिनिटं अठ्ठावन्न. परत आली ती हसतच.

आक्कांनी आईचे पिकलेले केस निवडून टाकून दिले. पिकल्यात दम नसतो म्हणाल्या. काळेभोर तेवढे ठेवले.

२८ नोव्हेंबर

अशी वात मी पाहिली नव्हती. तेजूच्या केसांची पहिली चाचणी आज. गिऱ्हाईक कातरत नाही, तेव्हा न कातरता काय होतं ते बघावं म्हणून मुद्दाम इंचभर लांब ठेवली. सकाळी सहाला लावली, दहाला विझवली. ज्योत बोटभर उंच, पण काच आरशासारखी. कागद कोरा. नोंदवहीत मी 'उत्कृष्ट' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

दुपारी आईचा फोन. तेजूला सकाळी धावताना खोकल्याची उबळ आली, थुंकी काळी पडली. चुलीपाशी बसू देऊ नको म्हटलं.

३० नोव्हेंबर

आज उलटी चाचणी. दुसरी मेणबत्ती, तेजूच्याच केसांची, वात अगदी आखूड ठेवून. अकरा वीसला ज्योत निळी झाली, वात मेणात बुडाली आणि विझली. मी पट्टी शोधत होते. परत येऊन वरचं मेण ओतलं, अकरा तेवीसला पुन्हा लावली.

बारा वाजता आई फोनवर रडत होती. तेजू अंगणात कोसळली. ओठ निळे. श्वास आतच येईना, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड करत होती. मग आपोआप श्वास आला. किती वाजता, मी विचारलं. आई म्हणाली, अकराची गाडी जाऊन वीसेक मिनिटं झाली होती.

नोंदवही उघडून बघितली. अकरा वीस, अकरा तेवीस.

१ डिसेंबर

मी जे केलं ते लिहून ठेवते. कुणी केलं नसतं, पण मला खात्री करायची होती. अंदाजावर मी विश्वास ठेवत नाही.

मेणबत्ती लावून पुढ्यात घेतली. तेजूला फोन लावला, कानाला धरला. पाव इंच वातीवर ती नीट बोलत होती, मध्येच घसा खाकरत होती. विझवली. लगेच म्हणाली, ताई, आता जरा मोकळं वाटतंय बघ. मग मी नवी लांब वात लावली. ती भरतीच्या फॉर्मबद्दल सांगत होती. दीड मिनिटात खोकायला लागली. थांबेचना. आईला हाक मारत होती आणि मध्येमध्ये मला सांगत होती की फोन ठेवू नको.

मी ठेवला नाही. पूर्ण पाच मिनिटं जाऊ दिली. चाचणी अर्धवट सोडली तर काही सिद्ध होत नाही.

मग विझवली. मग वेळा नोंदवहीत लिहिल्या.

साखरपुड्याच्या दीडशे मेणबत्त्या सकाळीच टेम्पोतून हॉलवर गेल्या. सगळ्यांत तेजू आहे.

२ डिसेंबर

आक्कांना विचारलं. मला वाटलं होतं त्या नाकारतील, चिडतील. त्या लसूण सोलत होत्या, सोलतच राहिल्या. म्हणाल्या, काजळी व्हायची ती होणारच की. काचंवर न्हाय तर कुणाच्या तरी छातीत. लांबचं माणूस असलं की आपल्याला दिसत न्हाय, एवढंच. तू आपल्याच घरातलं आणलंस त्याला मी काय करू?

म्हणजे शाहूवाडीच्या त्या सगळ्या बायका. पत्र्याच्या डब्यातल्या वाती, मी रोज जाळत होते त्या. खरं सांगते, त्यांचा विचार माझ्या मनात आला आणि निघून गेला. तेजूचा तेवढा राहिला.

५ डिसेंबर

चार दिवस हॉलला कुलूप होतं, आज आत जाता आलं. कातर पदराखाली. दीडशे टेबलं, दीडशे ज्योती, सगळ्या बोटभर उंच, आणि वर पंखे फुल्ल. वाऱ्यानं फडफडणारी ज्योत सगळ्यांत जास्त काजळी करते. लोक आइस्क्रीम खात होते. मी टेबलाटेबलाशी जाऊन फुंकायची, कातरायची, पुढं सरकायची. विझवलेली दिसली की वेटर मागून येऊन पुन्हा लावत होते. निदान पाव इंच वातीवर लागत होत्या.

एका बाईंनी विचारलं की हे आमच्यात नवीन काय निघालंय. मी म्हटलं, वात कातरायची असते, खोक्यावर लिहिलंय. त्यांनी मुलाला सांगितलं, काकूंचा व्हिडिओ काढ.

एकसष्ट झाल्या. मग अमरसिंहांनी स्वतः माझा दंड धरला. शुभकार्यात दिवे विझवत फिरतेस, कुणी पाठवलं तुला? मी त्यांच्या पाया पडले. माझी बहीण मरतेय म्हटलं. त्यांनी माणसाला सांगितलं, हिला बाहेर घाल, पण जेवून जाऊ दे.

एकोणनव्वद राहिल्या.

६ डिसेंबर

तेजू गडहिंग्लजला दवाखान्यात. नाकाला नळी. डॉक्टरांनी आईला विचारलं, ही मुलगी कोळशाच्या भट्टीवर काम करते का.

फोनवर कुजबुजली, ताई, भरतीचं ग्राउंड जाहीर झालं तर सांग हं.

७ डिसेंबर

रिसेप्शनच्या दीडशे अजून इथंच आहेत. आक्कांनी माझ्यापुढं मांडल्या. म्हणाल्या, मी काय राक्षसीण न्हाय. ह्यातल्या तेजूच्या वाती उपसून काढ, उरलेलं केस पण तुला परत देतो, नदीत सोड जा. पण परवा सकाळी मला दीडशे तयार पायजेत. दुसरं काळं केस आण. कुणाचं, ते मी विचारणार न्हाय.

माझे केस काळे आहेत.

मी आरशापुढं बसले. कंगवा हातात घेतला. मग डोक्यात आलं, मला काही झालं तर तेजूकडं कोण बघणार? आई म्हातारी. हे खरंच आहे, काही कारण काढत नाहीये मी. कंगवा खाली ठेवला.

दुपारी मदिनाभाभींचं डोकं दुखत होतं. मी म्हटलं, बसा, तेल लावून देते. अंगणात उन्हाला बसल्या. केस त्यांचे दाट, एक पांढरा नाही. मी सावकाश विंचरलं, गुंता ओढला, परत विंचरलं. त्या डोळे मिटून मुस्कानचं सांगत होत्या, लेक बारावीला आहे, नर्सिंगला घालायची म्हणतात. म्हणाल्या, माझी आई गेल्यापासून माझ्या डोक्याला कुणी असा हात लावला न्हाय. माझ्या हनुवटीला बोटं लावून त्यांनी ती ओठांना लावली.

कंगव्यातले काढून मी मुठीत ठेवले. पुरले नसते. वेणी घालताना मागून थोडे कापलेही. त्यांना कळलं नाही.

९ डिसेंबर

दीडशे वाती मीच पिळल्या. एकेक पाव इंच मोजून कातरली. तेवढं तरी केलं.

तेजूची नळी काढली.

१० डिसेंबर

भाभी कामावर आल्या नाहीत.

११ डिसेंबर

नाहीत. मी विचारलं नाही.

१३ डिसेंबर

करीमभाई आले होते. दारातच उभे राहिले. रिसेप्शनच्या संध्याकाळी भाभी स्वयंपाक करताना खोकायला लागल्या, ओढणी काळी झाली, रात्रीपर्यंत बोलणं बंद. परवा दफन झालं. हे सगळं त्यांनी पाढे म्हटल्यासारखं सांगितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, तुझं नाव फार घेत होती, त्या दिवशी डोकं विंचरलंस म्हणून. मुस्कान मागं उभी होती. आक्का रडल्या. मीही रडले, खरंच रडले.

संध्याकाळी तेजूचा फोन. छाती एकदम साफ, डॉक्टर चक्रावलेत. उद्यापासून धावणार.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू. झाला.

२६ डिसेंबर

तेजू आली! न सांगता, बॅग घेऊन, दारात उभी. आक्कांनी बोलावून घेतलं, भाभींची जागा रिकामी आहे, काम कर आणि मैदानावरही जा म्हणून. मी तिला लगेच परत जा म्हटलं. का, म्हणाली. केसांचं सांगावं तर ती विचारणार, मग मी वाचलो कशी, माझ्या वाट्याचं कुणी घेतलं.

ती म्हणाली, मला बघून तुला आनंदच झाला न्हाय की ग.

२८ डिसेंबर

तिचं डोकं मीच विंचरते. एकेक केस वेचते. उशी झाडते. मोरीची जाळी बघते. आक्का बघून हसतात.

तेजूला मुस्कान भेटली. दोघी रोज मैदानावर जातात. मुस्कान घड्याळ धरते.

३० डिसेंबर

तेजूनं वही वाचली.

मी अंघोळीला गेले होते. परत आले तर ती कॉटवर बसलेली, वही मांडीवर, सात डिसेंबरचं पान. ओरडली नाही. ती ओरडेल याची मी वाट बघत होते.

एकच विचारलं. ताई, तुझं केस नव्हतं व्हय?

मी पाय धरले. तुझ्यासाठी केलं म्हटलं. तिनं पाय काढून घेतले.

३१ डिसेंबर, सकाळी

ती म्हणते हे सगळं खोटं असेल. मला वेड लागलं असेल तर बरं, म्हणते. खरं हाय का ते आधी बघतो. खरं असलं तर करीमचाचांच्या दारात जाऊन दोघी सांगू, मग होईल ते होऊ दे.

माझा कंगवा मागितला. मी स्वतःच्या हातानं केस काढून दिले. नाही म्हणायला तोंड कुठं आहे मला?

आक्कांनी तिला वात पिळायला शिकवली. फार आनंदानं.

मी वर बसायचं, खिडकीत, तिला दिसेल असं. जे जे होईल ते घड्याळ बघून वहीत लिहायचं. ती खाली नोंदवहीत लिहिणार. नंतर दोन्ही वेळा जुळतात का बघायचं. मीच शिकवलेली पद्धत.

१०.०० लावली. तेजूनं वर बघितलं. मी हात केला.

१०.१० पाव इंच आहे. घशात खवखव. तोंडाला कडू चव.

१०.२५ विझवली. मोकळं वाटलं. म्हणजे खरं आहे. मला माहीतच होतं.

१०.३१ लांब वात. खोकला. हातरुमाल काळा. तो मी तिला दाखवला, खिडकीतून. तिनं तोंडावर हात घेतला. पाच मिनिटं तिनं थांबायला हवं होतं. दोन मिनिटांतच विझवली. रडत होती.

माझ्यासाठी रडत होती.

१०.५० आता आखूड वातीची. नको, पुरे, म्हणून मी हात हलवला. तिला वाटलं, चालू दे म्हणतेय. अगदी बुडाशी कातरली. जास्तच कातरली.

१०.५४ लावली.

१०.५८ मेण चढतंय. श्वास वरवरचा.

११.०२ आक्का अंगणात आल्या. तेजूशी बोलतात. तिला आत बोलावतात, कसलं तरी पातेलं उतरवायला. ती टेबलाकडं बोट दाखवते. आक्का म्हणतात मी बघतो की, तू जा.

तेजू गेली.

११.०४ ज्योत निळी. आक्का खुर्चीवर बसल्यात. बघतायत.

हाक निघत नाही. खिडकीची काच वाजवली. आक्कांनी वर बघितलं. परत मेणबत्तीकडं.

विझली

मेण ओत. तेजू, बाहेर ये. मेण ओतून टाक ग, तीन मिनिटं, जास्त नाही, तीन

दारात आली ती. हातात पातेलं. आक्का तिला काहीतरी विचारतात, ती त्यांच्याकडं बघून सांगतेय, वर बघत नाही, तेजू वर बघ, वर ब—